तेजी कोणाची, मंदी कोणाची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवरच्या नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि त्याखाली ‘शुभ-लाभ’ ही अक्षरे लिहिली जातात. वाचकहो, लाभ होतो तेव्हा तो कोणाच्या पदरात पडतो आणि तोटा येतो तेव्हा तो कोणाच्या दारी जाऊन बसतो, या एका प्रश्नात श्रीमंती-गरिबीचे पुष्कळसे अर्थशास्त्र सामावलेले आहे, असे मला वाटते. त्याचा पडताळा पाहण्यासाठी मी आपल्याच मुलखातील १८६१ ते १८७९ ही अठरा वर्षे निवडली आहेत.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेथील कामगारांवर उपासमारीची पाळी आली. मुंबईच्या बाजारात मात्र कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जादा मुंबईकडे आले, असा अंदाज आहे. एवढा पैसा ठेवावा कोठे? नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० च्या घरात गेला आणि शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार डोलू लागला.

१८६५ साली युद्ध संपले. १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करण्याची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्यांनी हात वर केले. शहराचे दिवाळे निघाले म्हणावयास हरकत नाही. परंतु बुडालेल्या व्यापाऱ्यांना धनकोंशी तडजोड करता यावी म्हणून त्याच वर्षी खास कायदाही झाला. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू.

आता घाट चढून वर येऊ. पुणे-नगरच्या कोरडवाहू भागात कापूस थोडा. पण तेजीचा वारा तेथेही पोचला होता. धान्य महागले, रेल्वेच्या कामावर रोजी मिळू लागली आणि कुणब्याची पत वाढलेली पाहून सावकारांनीही हात सैल सोडला. पुढे भाव उतरले, कामे आटोपली. पण १८६७ साली इंदापुरापासून सुरू झालेल्या फेरआकारणीत सारा कित्येक गावी दीडपट किंवा त्याहून अधिक वाढला. तेजीकडे पाहून बसवलेला सारा मंदीत, आणि तोही रोख, द्यावयाचा होता! तो भरण्यासाठी पुन्हा सावकाराचीच पायरी. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू रयतेच्या रक्षणाचा, घडले उलटेच. दर तीन वर्षांनी मुद्दलात व्याज मिळवून नवे खत लिहिले जाऊ लागले. अंगठा उठवणाऱ्याला मजकूर वाचता येत नव्हता आणि दिवाणी न्यायालय कागदापलीकडे पाहत नव्हते.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजाराच्या गावी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. चौकशी आयोगाच्या अहवालात मला सर्वांत बोलकी वाटली ती गोष्ट अशी, की जमावाला हवी होती ती खते आणि वह्या. ती मुकाट्याने हाती दिली, तेथे मारहाण बहुधा झाली नाही. कागदांची मात्र होळी झाली. दंगा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. अखेर १८७९ साली कायदा होऊन न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ देणे-घेणे तपासण्याचा अधिकार मिळाला. व्यापाऱ्याला जी सवड त्याच वर्षी मिळाली, तशी काही कुणब्याला मिळावयास चौदा वर्षे आणि एक आग लागली.

हाच न्याय देशादेशांतही चालत होता. आगगाडीत भांडवल घालणाऱ्या विलायतेतील भागीदारांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. तूट आली तर ती भरावयाची हिंदुस्थानच्या तिजोरीने, म्हणजे अखेर त्याच सारा भरणाऱ्याने. लंडनमध्ये स्वतः कापसाची पेढी चालवलेल्या दादाभाई नौरोजींनी हिशेब मांडला, तो हिंदी माणसाचे वर्षाचे सरासरी उत्पन्न २० रुपये, म्हणजे त्या वेळचे दोन पौंड, असा निघाला. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्याहून अधिक आहे, हेही त्यांनी सरकारी आकड्यांवरूनच दाखवले. डड्ली बॅक्स्टर यांनी १८६७ साली ब्रिटनचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ८१ कोटी पौंड धरले होते. तीन कोटी लोकांत ते माणशी सत्तावीस पौंड पडते.

कोणी म्हणेल, हा अंतराचा दोष शेतकऱ्याच्या आळसाचा वा सावकाराच्या लोभाचा. आळस आणि लोभ सर्व देशांत सारखेच सापडतात. सारखे नसतात ते व्यवहाराचे नियम. ज्याच्याजवळ शिल्लक, अक्षर आणि कायदा आहे, तो तेजी आपल्याकडे ठेवतो व मंदी खाली ढकलतो. गेल्या काही दशकांत चीन आणि भारत यांच्या वाढीने देशादेशांतील अंतर काहीसे कमी झाले. पण पुष्कळ देशांत घरातल्या घरात ते रुंदावले. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालाप्रमाणे वरच्या दहा टक्के लोकांकडे जगाच्या उत्पन्नाचा ५२ टक्के वाटा जातो आणि खालच्या निम्म्या जगाच्या ताटात साडेआठ टक्के पडतात.

म्हणून भरभराटीची वार्ता कानी आली, की भाव किती चढला हे विचारून मी थांबत नाही. तो उतरेल तेव्हा खाली कोण उभा असेल, हेही विचारतो. सुप्याच्या कुणब्याला हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला असता, तर त्याला आगकाडी ओढावी लागली नसती.