वैद्यकीय शिक्षणातील छळाची तक्रार

वैद्यकीय विद्यार्थी, इंटर्न किंवा निवासी डॉक्टर यांनी सीनियर वा शिक्षकांच्या जाचाविरुद्ध दाद मागणे. परभणीत हा विषय नवा आहे. जिल्हा रुग्णालयाला जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे 2023 मध्ये 100 जागांनिशी सुरू झाले. तक्रार अधिष्ठाता किंवा महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीकडे करायची असते. आपल्याच इमारतीत तोंड उघडायची धास्ती वाटणाऱ्याला 1800-180-5522 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हिमाचल प्रदेशातील टांडा येथे अमन कचरू हा वैद्यकीय विद्यार्थी मार्च 2009 मध्ये सीनियरांच्या मारहाणीत दगावला, त्यानंतर ती सुरू झाली.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा त्याच्याही आधीचा, 1999 चा. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय महाविद्यालयातून हकालपट्टी आणि पाच वर्षे अन्यत्र प्रवेशबंदी. पण या कायद्याची खरी धार संस्थाप्रमुखाकडे वळलेली आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत त्याने चौकशी करायची, तथ्य आढळले तर विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे. टाळाटाळ केली तर गुन्ह्याला त्याने साथ दिली असे मानले जाते. कागदावर याहून कडक काय हवे?

तरीही मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी 22 मे 2019 रोजी आत्महत्या केली. त्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. तीन सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. विभागात आधीच गाऱ्हाणे घातले होते, ते कोणी मनावर घेतले नाही, असे कुटुंबीयांचे म्हणणे. त्याच वर्षी आई आबेदा तडवी यांनी जातिभेदाच्या आरोपानंतर आत्महत्या केलेले हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई राधिका यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्धचे नियम कागदावरच राहतात, हा याचिकेचा मुद्दा होता.

शिक्षकांविरुद्धची तक्रार आणखी अवघड. 2023 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नेत्रविभागाच्या निवासी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करू दिल्या जात नाहीत, अशी तक्रार करून संप केला. वरिष्ठांनी आरोप फेटाळले आणि राजीनामे दिले. हाताला काम न मिळणे हाही जाचच, पण रॅगिंगच्या व्याख्येत तो सहज बसत नाही. म्हणून अशा वेळी एकट्याच्या अर्जापेक्षा ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे पत्र अधिक वजनदार ठरते.

निनावी तक्रारीलाही मर्यादा आहेत. युनिटमध्ये निवासी डॉक्टर मोजकेच. कोणत्या रात्रीची ड्युटी आणि कोणता वॉर्ड एवढे लिहिले, की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. लॉगबुकवर सही करणारे, थिसिसचे मार्गदर्शक आणि परीक्षेला बसू द्यायचे की नाही हे ठरवणारे बहुधा त्याच विभागातले असतात. तारीख, वेळ, साक्षीदार यांची नोंद ठेवणे आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेणे तक्रारदाराच्या उपयोगी पडते, कारण सात दिवसांची मुदत मोजायला पोच लागते.