संहती आणि विद्राव्यता

‘विद्राव्यता’ या शब्दाच्या मुळाशी ‘द्रु’ हा संस्कृत धातू आहे. अर्थ धावणे, वाहणे. द्रव, द्रावण, द्रावक ही त्याचीच भावंडे. ‘संहती’ आली ‘सम्’ आणि ‘हन्’ यांपासून. संहत म्हणजे एकत्र ठोकून घट्ट, दाट झालेले.

संहती सांगते, द्रावणात आत्ता किती पदार्थ आहे. विद्राव्यता सांगते, ठरावीक तापमानाला तेवढ्याच द्रावकात जास्तीत जास्त किती विरघळू शकेल. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ही संहती. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, ही विद्राव्यता.

कोकणातल्या मिठागरांत हा फरक डोळ्यांना दिसतो. उन्हाने पाणी आटते, मिठाची संहती चढत जाते, विद्राव्यता मात्र जवळपास तिथेच राहते. संहतीने ती मर्यादा गाठली की मीठ धरू लागते. पाणी घालून किंवा आटवून संहती आपल्याला बदलता येते. विद्राव्यता ठरते ती पदार्थ, द्रावक आणि तापमान यांवरून. वर्गात सूत्रांच्या आधी ‘द्रु’ आणि ‘हन्’ हे दोन धातू सांगितले, तर मुलांची गल्लत नक्की कमी होईल.