पेटीचा गंधार आणि त्रेपन्न घरं

दिवाळीत रावेरला गेलो की माळा आवरणं हे माझं ठरलेलं काम. या वेळी केळीच्या हिशोबाच्या जुन्या वह्यांमागे आजोबांची पेटी निघाली. भाता उंदरांनी कुरतडलेला, दोन पांढऱ्या पट्ट्या कायमच्या खाली बसलेल्या. गल्लीतल्या भजनी मंडळाने कितीतरी एकादश्या या पेटीवर काढल्या. मुक्ताईनगरहून पालखी निघायचे दिवस आले की आधी महिनाभर आमच्या ओट्यावर रोज हीच पेटी वाजायची.

मी सारेगम शिकलो तोही हिच्यावरच. चौदाव्या वर्षी गाणं शिकायला एका मास्तरांकडे जाऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "तुझा गंधार चढा लागतो. पेटीने कान बिघडवलाय तुझा." पुढे तीनेक महिने गेलो आणि मग सोडून दिलं. कान बिघडलेल्या माणसाने गाऊ नये, असं मीच ठरवून टाकलं. पुढे कॉम्प्युटरच्या नोकरीत पडलो आणि विषय संपला. म्हणजे संपला असं वाटलं होतं.

पेटी पुसता पुसता तो चढा गंधार आठवला. म्हटलं, निदान तो किती चढा होता हे तरी बघू. त्याच रात्री लॅपटॉपवर पंचवीसएक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. यासाठी तयार साधनं आहेत म्हणा. हॉलंडच्या मॅन्युएल ऑप दे कूल यांचा 'स्काला' हा फुकट प्रोग्रॅम हे काम माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं करतो. पण आपल्या हाताने केलेल्या भाकरीची चव वेगळी.

हिशोब सोपा आहे. सा पासून वरच्या सा पर्यंतचं अंतर 1200 सेंट धरायचं. ही मोजपट्टी इंग्लंडच्या अलेक्झांडर एलिस यांची. 1885 साली निरनिराळ्या देशांच्या सप्तकांवर निबंध लिहिताना त्यांनी ती वापरली. हल्लीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग असतात, म्हणजे प्रत्येक पट्टी 100 सेंटांवर. शुद्ध गंधार 400 वर येतो. पण षड्जाची तार नीट लागली की तिच्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो सा च्या 5/4 पट, म्हणजे 386 सेंटांवर. फरक चौदा सेंटांचा. मास्तर बरोबर होते! पेटीचा पंचम मात्र जेमतेम दोन सेंटांनी उतरा, तो कोणाला खटकत नाही. धैवत जवळजवळ सोळा सेंट चढा, निषाद बारा.

मग प्रोग्रॅमला पुढचा प्रश्न घातला. बारा नाही, तर किती सारखे भाग केले म्हणजे सगळे शुद्ध स्वर जागेवर येतील? आपल्याकडे श्रुती बावीस, तेव्हा मी आधी 22 टाकले. उत्तर बघून हसूच आलं. गंधार सुधारतो, पण पंचम सात सेंट चढतो, रिषभ चौदा. शुद्ध सप्तकाची सरासरी चूक बारा भागांत 8.1 सेंट आणि बावीस भागांत 7.9! एवढा खटाटोप कशासाठी मग?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला असं मुळीच नाही. ऑक्सफर्डच्या बोसांक्वेट यांनी 1877 साली रॉयल सोसायटीत हिंदू सप्तकाच्या विभागणीवरच निबंध दिला होता, आणि त्यात बावीस समान भागांचा विचार आहे. हे गृहस्थ नुसते कागदावर थांबणारे नव्हते. सप्तकात त्रेपन्न स्वर असलेली पेटी त्यांनी घडवून घेतली होती.

आमच्या खानदेशाचाही यात वाटा आहे. रावेरहून खंडव्याकडची गाडी धरली की थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण सोळाव्या शतकात ती खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. फारुकींच्या आश्रयाला कर्नाटकातून पुंडरीक विठ्ठल आला आणि त्याने 'सद्रागचंद्रोदय' लिहिला. संस्कृत ग्रंथ, मुसलमान राजा, कानडी पंडित आणि जागा आमच्या शेजारची. राग मेळांत बसवणं आणि वीणेवर स्वरांच्या जागा ठरवणं हा त्याचा विषय. वीणेचा पडदा एकदा पक्का बसवला की त्यावरून जाणाऱ्या सगळ्या तारांना तो मानावाच लागतो. पेटीच्या पट्टीचं दुखणं याच जातीचं.

त्याहून मागे गेलं तर नाट्यशास्त्रातल्या दोन वीणा आहेत. दोन्ही सारख्या लावायच्या. एक तशीच ठेवायची, दुसरी एकेक श्रुती उतरवत न्यायची, आणि तिचा कोणता स्वर पहिलीच्या कोणत्या स्वराला येऊन मिळतो ते कानाने पारखायचं. सप्तक तपासायचं हे आपल्याकडचं जुनं साधनच की. भरताने श्रुतींची वाटणी सांगितली 4, 3, 2, 4, 4, 3, 2. बेरीज बावीस. पण कुठली श्रुती किती मोठी, याचा आकडा दिला नाही.

तो आकडा काढायचा ध्यास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी घेतला. अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून ते तारेवर स्वरांच्या जागा मोजत. 1910 साली त्यांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक निघालं. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे आयसीएस साहेब त्यांना येऊन मिळाले, त्यांचंही पुस्तक 1913 साली आलं. दोघांनी श्रुतींची पेटी लंडनहून बनवून आणली. 1916 साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा ही पेटी तिथे मांडली गेली. भातखंड्यांना आणि जमलेल्या गायकांना ती पटली नाही. पुढे 1940 साली ऑल इंडिया रेडिओने साधी पेटीसुद्धा बंद केली. ती बंदी 1971 पर्यंत टिकली, आणि तेव्हाही उठली ती थोडीथोडी. आमच्या ओट्यावर मात्र त्या काळातही पेटी वाजतच होती. रेडिओला विचारून भजन कोण करतं?

आता त्या रात्रीची खरी गंमत. श्रुतींचा जो तक्ता हल्ली सगळीकडे दिसतो, तो मी प्रोग्रॅममध्ये भरला. शेजारच्या दोन श्रुतींमधली अंतरं काढली तर ती तीनच मापांची निघाली. सुमारे 90 सेंटांची सात, 71 ची पाच आणि साडेएकवीसची दहा. एकूण बावीस. म्हणजे श्रुती मुळात सारख्या नाहीतच, म्हणूनच बावीस सारखे भाग फसतात. मग 5 ते 60 पर्यंत सगळे भाग पडताळले. 53 ला चूक एकदम खाली आली. शुद्ध सप्तकात सरासरी पाऊण सेंट. बावीसपैकी एकही श्रुती दीड-पावणेदोन सेंटांपलीकडे हलत नाही. मोठी श्रुती चार घरांची, मधली तीन घरांची, धाकटी एका घराची. 28 अधिक 15 अधिक 10, बरोबर 53. रात्रीचे दोन वाजले होते, मी एकटाच टाळी वाजवली!

सकाळी डोकं ताळ्यावर आलं. यात चमत्कार काही नाही. हा तक्ता पंचम आणि गंधार यांच्या अपूर्णांकांतूनच रचलेला आहे, आणि त्रेपन्न भागांत ते दोन्ही अचूक बसतात. मी जे आत घातलं तेच बाहेर आलं. गायक खरंच या जागांवर गातात का, हा प्रश्न प्रोग्रॅमला मी विचारलाच नव्हता. तो नाझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी 1963 साली विचारला. प्रत्यक्ष वादनातले स्वर मोजले, तर ते ठरलेल्या आकड्यावर बसून राहत नाहीत, तोच स्वर वेगवेगळ्या वेळी वेगळा लागतो, असं दिसलं. तरी शोध थांबलेला नाही. आपल्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. तिच्यात खुंटी ओढून स्वराची चढी किंवा उतरी श्रुती निवडता येते. म्हणजे देवलांचा प्रश्न शंभर वर्षांनीही कोणालातरी झोपू देत नाही.

एकादशीला मंडळात गेलो. आता नवी पेटी आहे. गळ्यात वीणा घेतलेल्या बुवांनी गंधारावर लांब सूर धरला आणि मी कान टवकारले. पेटीवाल्या काकांनी गंधाराच्या पट्टीवरून बोट उचललं, नुसते सा आणि पंचम धरून ठेवले. बुवा खाली आले तसं बोट पुन्हा पट्टीवर. नंतर विचारलं, "काका, तिथे गंधार का सोडला?" ते म्हणाले, "तिथे बुवाचा गंधार असतो ना रे. आपला कशाला मधी घालायचा?"

चौदा सेंट त्यांना ठाऊक नाहीत, पण ते कुठे असतात ते त्यांच्या बोटाला ठाऊक आहे. पेटीवर सारं आयुष्य काढूनही त्यांचा कान बिघडलेला नाही. मास्तरांनी चूक बरोबर पकडली होती. पण तिच्यावरचा उपाय फक्त बोट उचलण्याएवढा होता, हे मला चौदाव्या वर्षी कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

असो. आजोबांची पेटी दुरुस्तीला टाकली आहे. कारागिराने विचारलं, गंधार थोडा उतरवून देऊ का? मी म्हटलं, नको. आहे तसाच राहू दे. गाताना मीच बोट उचलेन.