अनाथ बालकांच्या पालक-कुटुंबांस पोषणसाहाय्य (पेण व रोहा)

आईबाप दगावलेल्या वा परागंदा झालेल्या सहा वर्षांखालील मुलास आजी, मावशी, चुलता अशा नातलगाने ठेवून घेतले असता त्या घरास मिळणारे धान्य, तयार आहार व रोख रक्कम यांचा समावेश या विषयात होतो. महाराष्ट्रात अनाथांच्या संगोपनाचा विचार प्रथम आश्रमाच्या रूपाने झाला (पंढरपूरचा बालकाश्रम, १८७५); मूल ज्या घरात गाजावाजा न होता सामावले जाते त्या घराची चूल सावरणे हेही सरकारचे कर्तव्य आहे, ही जाणीव पुष्कळ उशिरा आली.

रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील या दोन तालुक्यांच्या डोंगरवाड्यांत राहणारे कातकरी, ज्यांची गणना आदिम जमातींत होते, भातकापणी आटोपली की वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर सहकुटुंब जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्यामुळे अंगणवाडीच्या पटावर नाव असलेले मूल वर्षातील कित्येक महिने गावात नसते.

साहाय्याचा मुख्य आधार म्हणजे १९७५ साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने (२०१३) सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकास दररोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने पुरवणारा, घरी नेण्याचा शिधा ठरवून दिला आहे. त्यापुढील बालकांस अंगणवाडीत गरम जेवण मिळते. सहा महिन्यांच्या आतील अर्भकाविषयी मात्र निव्वळ स्तनपानास उत्तेजन द्यावे, एवढेच अधिनियम सांगतो, आणि त्या काळातील शिधा स्तन्यदा मातेच्या नावे निघतो. म्हणजे माताच हयात नसेल तर ज्या अर्भकास साहाय्याची निकड सर्वांत अधिक, त्याच्यासाठी कोणतीच तजवीज उरत नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. डब्याच्या दुधाचा खर्च आजीच्या मजुरीत बसत नाही. ते पुरवून पुरवून वापरावे म्हणून पातळ कालवले जाते, किंवा गाईच्या दुधात पाणी घालून ते बाटलीने पाजले जाते, आणि मग हगवण लागून, ज्या दिवसांत वजन वाढायचे त्याच दिवसांत ते घटते. वाटी-चमचा बाटलीपेक्षा बरा, कारण तो घासता-उकळता येतो.

धान्याची गोम निराळी आहे. अंत्योदय शिधापत्रिकेवर दरमहा ३५ किलो धान्य मिळते ते कुटुंबामागे, सबब घरात एक तोंड वाढले तरी धान्य तेवढेच. प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो मिळत असले, तरी मुलाचे नाव मयत बापाच्या पत्रिकेतून कमी करून नव्या पत्रिकेवर चढवण्यासाठी तहसील कचेरी गाठावी लागते. बालसंगोपन योजनेखाली बालकल्याण समितीच्या हुकुमाने दरमहा २,२५० रुपये (२०२३ पूर्वी १,१००) मिळतात, पण अर्जास मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. आणि मृत्यूची नोंद, तो जेथे घडला तेथेच, २१ दिवसांच्या मुदतीत व्हावी असा १९६९ च्या अधिनियमाचा दंडक असून, वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून ती होत नाही. परमुलखातील भट्टीवर बाप वारला असता हा दाखला आणायचा कोणी?

स्थानिक अन्न निकस आहे असे नाही. नाचणीची पेज, भातानंतर जमिनीतील ओलीवर येणारे कडवे वाल, सुकट, जवळा ही उत्तम सामग्री होय. परंतु लहान मुलास ती मऊ करून दिवसातून चार-पाच वेळा भरवावी लागते, आणि त्यासाठी घरात बसणाऱ्या माणसाचा रोज बुडतो. अंगणवाडीचा शिधा चुलत भावंडांतही वाटला जातो, यास्तव पालकास बोल लावणे अन्यायाचे आहे. एका चुलीवर दोन पंक्ती मांडणाऱ्या घराने हे मूल मुळात घरात घेतलेच नसते.

दंडाचा घेर ११.५ सें.मी.हून कमी भरलेले बालक तीव्र कुपोषित समजले जाऊन ग्राम बालविकास केंद्रात, व आजार जडला असल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात, दाखल केले जाते. पुनर्वसन केंद्रात मातेस बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. मातेच्या जागी आलेल्या आजीस ती विनातक्रार मिळावी.