निव्वळ युक्तीचें पेटंट

मुंबईंत घरचें जेवण कचेरींत पोंचविण्याचा उद्योग महादेव हावजी बच्चे यांनीं १८९० सालीं सुरू केला. पुढें त्यांत डब्यांवरील खुणांची सांकेतिक भाषा आली. त्याच दशकांत मुंबईचेच शंकर आबाजी भिसे यांनीं वाणसामान आपोआप तोलून देणारें यंत्र योजिलें. नंतर लंडनमध्यें छापखान्याचे खिळे ओतणारें ‘भिसोटाइप’ यंत्र सिद्ध करून त्याचें पेटंट घेतलें. डबेवाल्यांची व्यवस्था मात्र पेटंटांत बसणारी नव्हती. बुद्धि दोन्हींकडे होती. परंतु कायद्याला नवी वस्तु किंवा ती घडविण्याची रीत हवी होती, धंदा चालविण्याची युक्ति नव्हे.

हा भेद आपल्याकडे जुना आहे. १८५६ सालीं पहिला पेटंट कायदा झाला आणि कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डिपेनिंग यांनीं पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं पहिला अर्ज केला. (राणीची पूर्वसंमति न घेतल्यामुळें तो कायदा दुसऱ्याच वर्षीं रद्द झाला व १८५९ सालीं पुन्हा करावा लागला, ही गंमत निराळी!) १९११ व १९७० चे कायदेही त्याच वळणाचे.

संगणकानें ही सीमा पुसट केली. पनवेल तालुक्यांतील बेलपाडा येथें २०२३ पासून मेट्रोचें स्थानक आहे. तेथील तिकीट तपासून उघडणारें दार पाहा. दार हें यंत्र. किती अंतरास किती भाडें, हा धंद्याचा नियम. आणि दोहोंना जोडणारी ती संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर. तिला यंत्र म्हणावें कीं नियम? १९८४ च्या दुरुस्तीनें आपल्या कॉपीराइट कायद्यानें तिला साहित्यकृतींत बसविलें. परंतु कॉपीराइट शब्दांचें रक्षण करितो. तीच युक्ति दुसऱ्यानें स्वतःच्या शब्दांत मांडली, तर त्यास अडवीत नाहीं. पेटंट मात्र वीस वर्षें अडवितें. वादाचें मूळ येथें आहे.

२००२ सालीं संसदेनें कायद्याच्या तिसऱ्या कलमांत घातलें कीं, गणिती पद्धति, धंद्याची पद्धति, निव्वळ संगणक-आज्ञावली आणि अल्गोरिदम हे शोध नव्हेत. सगळी मेख त्या ‘निव्वळ’ शब्दांत आहे. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमानें उद्योगांत तांत्रिक उपयोग असलेल्या किंवा यंत्राशीं जोडलेल्या आज्ञावलीस मार्ग मोकळा केला. २००५ सालीं संसदेनें तो बंद केला. माझ्या मतें हें योग्यच झालें. अमेरिकेंत १९९८ च्या एका निकालानें धंद्याच्या पद्धतींना मुभा दिली. पुढल्याच वर्षीं ॲमेझॉन कंपनीला एका कळीनें खरेदी करण्याच्या पद्धतीचें पेटंट मिळालें, आणि महिनाही न लोटतां तिनें बार्न्स अँड नोबल ह्या पुस्तकविक्रेत्यांवर फिर्याद लावली. असला नियम येथें असता, तर पुण्या-मुंबईच्या लहान धंदेवाल्यानें गिऱ्हाइकाच्या प्रत्येक सोयीसाठीं कोणाकोणाची परवानगी मागावयाची? त्या मुभेला खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंच २०१४ सालीं मोठी कात्री लावली.

आपल्याकडे ‘निव्वळ’चा अर्थ मात्र हलत राहिला. २०१६ च्या सूचनांत पेटंट कार्यालयानें आज्ञावलीबरोबर नवें यंत्रही मागितलें; २०१७ सालीं ती अट गेली. २०१९ सालीं फेरीद अल्लानी यांच्या प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, बंदी निव्वळ आज्ञावलीवर आहे, तिच्यावर आधारलेल्या प्रत्येक शोधावर नाहीं. तांत्रिक परिणाम दिसत असेल तर अर्जाचा विचार झाला पाहिजे. अल्लानी यांचा तो अर्ज २००२ सालचा होता.