शाबासकी आणि चार रंगांचा ठोकळा

शाळेतील शिस्त म्हटली की छडी आठवते. पण छडी खाली ठेवून शाबासकीने वर्ग सांभाळण्याचा प्रयत्नही जुनाच आहे. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना तो इतिहास विशेष जवळचा वाटतो. कारण तो शाळेइतकाच गिरणीतूनही गेला आहे.

जोसेफ लँकेस्टर यांनी १७९८ साली लंडनमध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. शिक्षक एक आणि मुले शेकडो; म्हणून मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. फटके मारणे लँकेस्टरना नापसंत होते. चांगल्या मुलाला ते तिकिटे, बिल्ले, बक्षिसे देत. चुकलेल्याच्या गळ्यात मात्र लाकडी ओंडका अडकवीत. छडी गेली, पण तिच्या जागी मानापमान आला.

१८०० साली रॉबर्ट ओवेन यांनी स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीची सूत्रे हाती घेतली. पुढे तेथे प्रत्येक कामगाराजवळ चार रंगांचा एक ठोकळा टांगलेला असे. काळा म्हणजे वाईट, निळा बेताचा, पिवळा चांगला, पांढरा उत्तम. आदल्या दिवसाच्या वर्तनाप्रमाणे रंग दर्शनी बाजूस येई आणि वहीत नोंद होई. मारझोड नव्हती; शेरा अन्यायाचा वाटल्यास ओवेनकडे दादही मागता येई. तरी ठोकळा फिरविणारा हात वरिष्ठाचाच होता!

याच ओवेननी १८१६ साली त्या गावात शाळा उघडली, तेव्हा मात्र तेथे शिक्षाही ठेवली नाही आणि बक्षीसही नाही. मुलांना मारू नये, दटावू नये, प्रेमाने बोलावे, अशी शिक्षकांना ताकीद होती. नकाशे, चित्रे, गाणी, नाच यांतच मुलांचे मन रमावे, ही त्यांची धारणा. १८३४ साली ते इंग्लंडमधील कामगार संघांच्या महासंघाचे पुढारी झाले.

मग शाबासकी टाकूनच द्यावी काय? आम्हांला तसे वाटत नाही. आमची शाळा लवकर सुटली. वर्गात ‘हुशार’ हा शब्द पहिल्या बाकांसाठी राखीव असे. एकदा एका मास्तरांनी आमची पाटी पाहिली आणि ते म्हणाले, “हातचा विसरला नाहीस, बरे केलेस.” पुढे संघटनेचे हिशेब मांडताना तेच शब्द आम्हांला धीर देत आले. त्यांनी आम्हांला कोणाच्या वर बसविले नव्हते. आमच्या हातून काय नीट झाले, एवढेच दाखविले होते.

‘शाबास’ म्हणण्यापूर्वी शिक्षकाने इतकेच पाहावे: आपले कोणते काम जमले, हे मुलाला कळले काय? आणि त्याच्या शेजारचे मूल त्यामुळे लहान तर झाले नाही ना?