कडी, नळ आणि रजिस्टर : हॉटेलच्या खोलीचा इतिहास

हॉटेलांच्या रचनेत आणि पाहुण्यांच्या सोयींत नवं काय येतंय, हा आजचा विषय. मोबाइलनं उघडणारं दार, छोट्या बाटल्यांऐवजी भिंतीला लावलेला शांपूचा मोठा डबा, लॅपटॉप घेऊन दिवसभर बसता येईल अशी लॉबी. ही यादी तुम्हांला कुठेही वाचायला मिळेल. इतिहास वाचताना मात्र दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवावे लागतात. खोलीत काय मिळतं, हा पहिला. खोली कुणाला मिळते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जाहिरातीत छापलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये शोधावं लागतं.

सुरुवात करू बोस्टनपासून. १८२९ साली तिथे ‘ट्रेमाँट हाऊस’ सुरू झालं. वास्तुविशारद आयझाया रॉजर्स, खोल्या १७०. त्याआधी अमेरिकेतल्या साध्या पांथस्थगृहांत अनोळखी माणसाबरोबर एकच पलंग वाटून घ्यावा लागणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आपल्या धर्मशाळांतही वाटसरू ओसरीवर पथारी टाकायचे, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ट्रेमाँटनं पाहुण्याला स्वतंत्र खोली दिली, दाराला कुलूप दिलं, हातात किल्ली दिली आणि वर साबणाची वडी फुकट दिली. तळमजल्यावर आठ संडास होते, इमारतीच्या आतच. त्या काळात ही चैन होती. आज आपण जिला सोय म्हणतो तिची सुरुवात अशी कुलपापासून झाली, हे ध्यानात ठेवा.

पुढची पायरी नळाची. एल्सवर्थ स्टॅटलर हा माणूस पोरवयात हॉटेलात सामान उचलायच्या कामाला लागला होता. १९०८ साली त्यानं बफलो शहरात स्वतःचं हॉटेल उघडलं. तीनशे खोल्या आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर. दर दीड डॉलरपासून पुढे. एवढ्या कमी पैशांत हे जमलं कसं? त्यानं दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधली आणि मध्ये एक उभी पोकळी ठेवली. सगळे नळ त्या पोकळीतून वर गेले. एकाच नळावर दोन्ही बाजूंची न्हाणीघरं, मजल्यावर मजले. खर्च कमी, दुरुस्ती सोपी. अंधारात सापडावं म्हणून कुलपाचं भोक त्यानं मुठीच्या वर घेतलं, दिव्याचं बटण दाराजवळ आणलं. हमाली केलेल्या माणसाला पाहुणा कुठे चाचपडतो ते ठाऊक होतं. आज लॉजच्या पाटीवर ‘अटॅच्ड बाथरूम’ वाचताना त्या उभ्या पोकळीची आठवण ठेवायला हरकत नाही.

आता मुंबईत येऊ. वॉटसन्स हॉटेल १८७१ मध्ये सुरू झालं. ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेत घडवून इथे आणून उभा केलेला. रचनेच्या दृष्टीनं त्या वेळची अगदी ताजी गोष्ट! पण पाहुणा म्हणून प्रवेश फक्त युरोपियनांना. जमशेटजी टाटांना तिथून परत पाठवलं आणि त्या रागातून ‘ताज’ उभं राहिलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल; अभ्यासक तिच्याविषयी शंका घेतात. गोष्ट खरी असो वा नसो, १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलेल्या ताजमध्ये वीज होती, लिफ्ट होत्या, तुर्की हमाम होते आणि भारतीय पाहुण्याला दार खुलं होतं. म्हणजे इथे दोन्ही प्रश्नांना एकदम उत्तर मिळालं. अर्थात, ज्याच्या खिशात पैसे होते त्याला.

पण पैसे असूनही दार बंद असेल तर? १९१७ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला आले. हिंदूंच्या ‘विशी’ म्हणजे खानावळवजा हॉटेलांत आपल्याला घेणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी ती जागा वर्णन केली आहे. छोटी खोली, तिला जोडून छोटं न्हाणीघर, त्यात नळ. दिवसाला दीड रुपया. विजेचे दिवे नाहीत, म्हणून रखवालदार कंदील आणून द्यायचा. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली.

बघा, अटॅच्ड न्हाणीघर तिथेही होतं. स्टॅटलरच्या दीड डॉलरशी या दीड रुपयाची सांगड घालायचं कारण नाही, तो योगायोग. मुद्दा असा, की कडी-कुलूप आणि नळ पाहुण्याला सुरक्षितता देतात ते रजिस्टरमध्ये खरं नाव लिहिता आलं तरच.

२६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं यांच्याबरोबर हॉटेलांचा उल्लेख नाव घेऊन आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही तिथे अडवता येणार नाही. हॉटेलासारखा किरकोळ शब्द घटनेत का आला, याचं उत्तर बडोद्याच्या त्या खोलीसारख्या अनेक खोल्यांत आहे.

अमेरिकेत हीच लढाई १९६४ साली कोर्टात गेली. अटलांटातलं ‘हार्ट ऑफ अटलांटा’ हे २१६ खोल्यांचं मोटेल कृष्णवर्णीयांना खोली देत नव्हतं. नवा नागरी हक्क कायदा घटनेत बसत नाही, असं मालकाचं म्हणणं. १४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला : बसतो. आणि १९६७ मध्ये त्याच शहरात जॉन पोर्टमन यांनी रचलेलं ‘हयात रीजन्सी’ उघडलं. २२ मजले उंच मोकळा चौक, त्यात वरखाली जाणाऱ्या काचेच्या लिफ्ट. जगभरच्या हॉटेलांनी ती लॉबी उचलली. तीन वर्षांपूर्वी कायद्यानं दार उघडलं नसतं, तर त्या भव्य चौकात शहरातली कितीतरी माणसं पाहुणी म्हणून पाऊल ठेवू शकली नसती.

तर मंडळी, आजच्या सोयींकडेही याच दोन प्रश्नांनी बघा. फोननं उघडणारं दार छानच आहे. पण साधा फोन वापरणाऱ्या आजोबांचं काय? न्हाणीघर चकचकीत आहे. पण व्हीलचेअर आत जाईल एवढा त्याचा दरवाजा रुंद आहे का? अमेरिकेच्या १९९० च्या आणि आपल्या २०१६ च्या अपंगहक्क कायद्यांनी हा प्रश्न इमारत बांधणाऱ्यांपुढे ठेवला आहे. माझ्या मते हॉटेलरचनेतला सध्याचा सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच आहे, जरी जाहिरातीत तो शेवटच्या ओळीत येतो. पुढच्या वेळी खोली घ्याल तेव्हा साबण बघाच, पण त्या दाराची रुंदीही बघा.